जनावरांच्या औषधावर खोटं लेबल: बाटली ओळखण्यापासून एफडीएच्या कारवाईपर्यंत

‘कासदाह दोन दिवसांत बरा’, ‘दूध हमखास वाढणार’, ‘लम्पीवर रामबाण’ असं छापलेल्या बाटल्या आठवडी बाजारात, कृषी सेवा केंद्रात आणि आता मोबाइलवरही सहज मिळतात. गुण आला नाही की शेतकरी दुकानदाराशी भांडतो, बाटली उकिरड्यावर जाते आणि विषय तिथेच मिटतो. पैसे जातात, जनावर जातं आणि तीच बाटली पुढच्या गावात विकली जाते.

औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० हा कायदा माणसांच्या औषधांइतकाच जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. कारवाई करणारी यंत्रणाही आहे, ती म्हणजे अन्न व औषध प्रशासन, ज्याला सगळे एफडीए म्हणतात. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कारवाई उभी राहते ती तुमच्या गोठ्यातल्या अर्धवट बाटलीवर नाही, तर दुकानात त्याच बॅचचा सीलबंद माल शिल्लक असताना निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्यावर. म्हणून संशय आला की दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नका. तुम्ही तावातावाने बोलून घरी येईपर्यंत माल फळीवरून गायब झालेला असतो.

आधी खात्री करा: औषध खोटं आहे की वापर चुकला?

गुण न आलेलं प्रत्येक औषध बोगस नसतं. तक्रार करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा, नाहीतर पहिल्याच चौकशीत तुमचं म्हणणं लंगडं पडेल.

पहिली गोष्ट मात्रा. जनावराचं वजन अंदाजाने धरलं जातं आणि औषध कमी पडतं. टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल तर गाय साधारण ४४५ किलोची आहे. एक टक्का आयव्हरमेक्टिनची नेहमीची मात्रा ५० किलोला १ मिली, कातडीखाली. म्हणजे या गाईला जवळपास ९ मिली लागतं. पाच मिली टोचून गोचीड गेले नाहीत तर दोष बाटलीचा नाही. (दुभत्या जनावराला हे औषध पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका.)

दुसरी गोष्ट साठवण. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. दुचाकीच्या डिकीतून मे महिन्यात आणलेली लस मूळची अस्सल असली तरी निकामी होते. यात दुकानदाराचा दोष असू शकतो, पण तो गुन्हा वेगळा.

तिसरी गोष्ट निदान. लम्पी आणि लाळ्या-खुरकूत हे विषाणूंमुळे होणारे आजार आहेत. विषाणूच मारून आजार बरा करणारं औषध बाजारात नाही. उपचार होतात ते ताप, जखमा आणि नंतर होणाऱ्या जिवाणूसंसर्गावर, आणि बचाव लसीने होतो. त्यामुळे या दोन आजारांवर ‘हमखास बरं करतो’ असं लेबल दिसलं तर औषध वापरून पाहण्याचीही गरज नाही. तो दावाच खोटा आहे, आणि तुमची तक्रार त्या छापील ओळीवर उभी राहते.

लेबल कसं वाचायचं

बाटली, खोकं आणि आतलं घडीपत्रक उजेडात शेजारी शेजारी ठेवा. जनावरांच्या औषधावर पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात:

- ‘माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशी ठळक सूचना, आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र
- औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण, उदाहरणार्थ दर मिलीत किती मिलिग्रॅम
- उत्पादकाचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक
- बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, छापील कमाल किंमत
- दूध, अंडी किंवा मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधावर विथड्रॉवल कालावधी, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचं नाही

शेवटचा मुद्दा २०१२ पासून नियमात आहे. त्या औषधासाठी अभ्यासून ठरवलेला कालावधी नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस छापावे लागतात. प्रतिजैविकाच्या बाटलीवर ‘दूध लगेच वापरता येतं’ असं लिहिलं असेल आणि आकडा कुठेच नसेल, तर तेवढ्यावरही लेबल सदोष ठरतं.

आता बारकावे. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का पाहा. तारखेवर चिकटपट्टी असेल तर ती ओढू नका, नुसता तिरका फोटो काढा. खालचे जुने आकडे कडेने डोकावताना दिसतात. तारीख पुसून पुन्हा छापलेली असेल तर त्या जागी कागदाची चकाकी गेलेली असते आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. प्रमाणाचा आकडाही पाहा. ऑक्सिटेट्रासायक्लिनचं साधं इंजेक्शन मिलीला ५० मिलिग्रॅमचं असतं, लांब काळ टिकणारं २०० मिलिग्रॅमचं. नावापुढे ‘एलए’ (लाँग ॲक्टिंग) आणि आत ५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर काहीतरी नक्की चुकलं आहे.

आयुर्वेदिक पशुऔषधांनाही हाच कायदा लागू आहे, त्यात जनावरांसाठीची आयुर्वेदिक औषधं स्पष्टपणे धरलेली आहेत. त्यांवर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकांची यादी, परवाना आणि बॅच क्रमांक हवेत. ‘वनस्पतीजन्य आहे, बनवायला परवाना लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य साफ खोटं आहे.

कोणता गुन्हा? इथे तक्रारीचा कस लागतो

बोलताना आपण सगळ्यालाच ‘डुप्लिकेट’ म्हणतो. कायद्यात मात्र वेगवेगळे कप्पे आहेत आणि शिक्षाही वेगळ्या आहेत.

लेबलवर खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा असेल, किंवा आवश्यक मजकूरच नसेल, तर तो ‘मिसब्रँडेड’ म्हणजे खोट्या लेबलाचा माल (कलम १७). दावा बाटलीवरच हवा असं नाही. औषधासोबत दिलेलं पत्रकही त्यात येतं, म्हणून घडीपत्रक जपून ठेवा. शिक्षा एक ते दोन वर्षं आणि किमान २० हजार रुपये दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर या प्रकारात दंड भरून तडजोडही होऊ शकते.

दुसऱ्या कंपनीचं नाव लावलेलं असेल, लेबलवरचा उत्पादक अस्तित्वातच नसेल, किंवा आत भलतंच काही भरलेलं असेल, तर ते ‘स्प्युरियस’ म्हणजे बनावट औषध (कलम १७-बी). इथे किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान तीन लाख रुपये दंड. म्हणून लेबलवरच्या पत्त्यावर खरंच कारखाना आहे का, हे शोधणं फार मोलाचं ठरतं.

तिसरा कप्पा शेतकऱ्यांना जवळजवळ माहीतच नसतो: विनापरवाना औषध. बाजारातल्या कितीतरी भुकट्या आणि द्रावणं ‘पशुखाद्य पूरक’ म्हणून विकली जातात, त्यामुळे औषधाचा परवाना घेतलेला नसतो. पण त्याच पाकिटावर ‘कासदाह बरा करतो’, ‘गाभण न राहण्यावर इलाज’ असं छापलेलं असतं. आजार बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी म्हणून विकलेला पदार्थ कायद्याने औषधच आहे, पाकिटावर खाद्य लिहा की टॉनिक लिहा. परवान्याशिवाय औषध बनवणं किंवा विकणं याला तीन ते पाच वर्षं शिक्षा आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. आमच्या मते अशा मालाविरुद्धची तक्रार याच मुद्द्यापासून सुरू करावी. ‘गुण आला नाही’ हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागते, ‘परवाना नाही’ हे पाकिटावरच दिसतं. साधं खनिज मिश्रण, ज्यावर पोषणापलीकडे दावा नाही, ते यात येत नाही. त्याला भारतीय मानक आयएस १६६४ आहे.

दुकानाचंही तसंच. खतं आणि कीटकनाशकांचा परवाना म्हणजे औषध विक्रीचा परवाना नव्हे. ॲलोपॅथिक औषधांच्या किरकोळ विक्रीला फॉर्म २० आणि २१ मधला परवाना लागतो आणि तो दर्शनी भागात लावलेला असतो. कृषी सेवा केंद्रात तो दिसला नाही तर तेही तक्रारीत लिहा.

बंदी असलेली औषधं: इथे थांबायचंच नाही

जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं जवळपास संपली ती यामुळे. गडचिरोली आणि रायगडमध्ये उरलेल्या गिधाडांसाठी आजही जिवाचं रान करावं लागतं. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं डायक्लोफिनॅक इंजेक्शनही जास्तीत जास्त ३ मिलीच्या एका मात्रेच्या पॅकमध्येच विकायचं असा आदेश निघाला. तेव्हा डायक्लोफिनॅक इंजेक्शनची ३० मिलीची बाटली कुठेही दिसली तर ती बेकायदाच आहे. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक, आणि त्यानंतर निमेसुलाइड, यांच्याही जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्न देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळण्यासह, २०१९ पासून बंद आहे.

तबेल्यांत पान्हा सोडायला वापरतात त्या ऑक्सिटोसिनच्या बिनलेबल प्लास्टिक बाटल्यांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ऑक्सिटोसिन फक्त एकेका मात्रेच्या ब्लिस्टर पॅकमध्येच विकता येतं आणि ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही. झाकणाला भोक पाडलेली, नाव नसलेली, पाण्यासारख्या द्रवाची बाटली कोणत्याही कारणाने कायदेशीर ठरत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपायकारक इंजेक्शन देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि इथे विकणाऱ्याबरोबर टोचणाराही अडकतो.

पुरावा: पहिल्या दिवशी काय करायचं

१. वापरलेली बाटली झाकण घट्ट लावून, तिच्या स्वरूपाप्रमाणे थंड जागी ठेवा. धुवू नका, लेबल ओलं होऊ देऊ नका. सुईही टाकू नका.

२. त्याच दुकानातून त्याच बॅचची किमान एक सीलबंद बाटली पक्क्या बिलावर घ्या. बिलावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहून मागा. ‘बिल लागेल तर जास्त पैसे’ असं कोणी म्हणाला तर यूपीआयने पैसे द्या, म्हणजे निदान नाव, वेळ आणि रक्कम राहते.

३. चारही बाजूंचे फोटो, तारखेचे जवळून, घडीपत्रकाच्या दोन्ही बाजूंचे. ऑनलाइन माल असेल तर पानाचे स्क्रीनशॉट आणि पार्सलवरचा विक्रेत्याचा पत्ता. जाहिरात सोडू नका: औषधाबद्दल खोटा समज करून देणाऱ्या जाहिरातीवर औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) या १९५४ च्या कायद्याचं कलम ४ आहे, आणि त्यातली औषधाची व्याख्या जनावरांनाही धरून आहे.

४. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, औषध दिल्याची वेळ, मात्रा आणि लक्षणं वहीत लिहा. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून उपचाराचा कागद घ्या.

जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवून शक्य तितक्या लवकर, काही तासांतच शवविच्छेदन करून घ्या. यकृत, मूत्रपिंड, पोटातला ऐवज आणि टोचलेल्या जागेचं मांस यांचे नमुने राखायला सांगा. रासायनिक तपासणीचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये नाही. फॉर्मॅलिनमध्ये घातलेला नमुना विषाच्या तपासणीला उपयोगाचा राहत नाही, आणि ही चूक नेहमी होते.

तक्रार कुठे आणि कशी

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयातील सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. त्याच दिवशी १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावरही नोंदवा. गोव्यात हेच काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. आठवडी बाजारात गाडीवरून विक्री चालू असेल तर अर्ज लिहीत बसू नका. बाजार भरलेला असतानाच फोन करा आणि गाडीचा क्रमांक सांगा.

तक्रार एका पानाची असावी. मजकूर साधारण असा:

‘__ तालुक्यातील __ या दुकानातून दि. __ रोजी बिल क्र. __ ने __ हे जनावरांचे औषध घेतले. बॅच क्र. __, मुदत __, लेबलवरील उत्पादक __. लेबलवर/पत्रकात “__” असा दावा छापला आहे. उत्पादन परवाना क्रमांक नाही / विथड्रॉवल कालावधी नाही / पत्त्यावर कारखाना आढळत नाही. या बॅचचा माल दि. __ रोजी दुकानात शिल्लक होता. कृपया तातडीने नमुना घेऊन विक्री थांबवावी व केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.’

लेबलवरचा दावा जसाच्या तसा उतरवा, आपल्या शब्दांत सांगू नका. ‘माल शिल्लक होता’ हे वाक्य विसरू नका, निरीक्षकाची धावपळ त्यावरच ठरते. अर्ज देण्याआधी केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ, दर महिन्याला जाहीर करत असलेल्या अप्रमाणित औषधांच्या यादीत तोच बॅच आहे का ते पाहून घ्या.

निरीक्षक काय करतो, आणि केस कुठे पडते

औषध निरीक्षक दुकानात येऊन फॉर्म १७ मध्ये नमुना घेत असल्याचं लिहून देतो आणि मालाची किंमत देऊ करतो. नमुन्याचे चार भाग करून सील केले जातात. एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक ज्याच्याकडून दुकानदाराने माल घेतला त्याला. बाटली लहान असेल तर तिचे भाग न करता तेवढ्याच सीलबंद बाटल्या घेतात. माल कुठून आला हे सांगणं दुकानदाराला कलम १८-ए खाली बंधनकारक आहे. संशय मोठा असेल तर निरीक्षक २० दिवसांपर्यंत माल न विकण्याचा आदेश देऊ शकतो किंवा तो जप्त करून फॉर्म १६ मध्ये पावती देतो.

विश्लेषकाचा अहवाल फॉर्म १३ मध्ये येतो. तो मान्य नसेल तर विरुद्ध बाजूला २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं, मग न्यायालयातला भाग केंद्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणीला जातो.

केस पडण्याचं सगळ्यात वाईट कारण इथे आहे. फेरतपासणीचा हक्क बजावण्याआधीच औषधाची मुदत संपली, तर तो हक्क बुडाला म्हणून न्यायालयांनी खटले रद्द केले आहेत. तुमच्या बाटलीची मुदत चारच महिन्यांनी संपत असेल तर ते अर्जात लाल अक्षरांत लिहा आणि दर आठवड्याला विचारणा करा. साध्या खोट्या लेबलाच्या गुन्ह्यात शिक्षा तीन वर्षांच्या आत असल्याने खटला दाखल करायलाही तीन वर्षांचीच मर्यादा आहे.

निरीक्षक आलाच नाही तर? कलम २६ खाली कोणीही ग्राहक स्वतः विकत घेतलेलं औषध फॉर्म १४-ए मधल्या अर्जासह, ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. अहवाल फॉर्म १४-बी मध्ये मिळतो. तुम्ही राखून ठेवलेली सीलबंद बाटली इथे कामी येते. खासगी प्रयोगशाळेत पैसे घालण्यापूर्वी हा मार्ग वापरा, कारण सरकारी विश्लेषकाच्या सहीला जे वजन आहे ते खासगी अहवालाला नाही. कलम ३२ प्रमाणे बाधित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही खटला दाखल करू शकते, मात्र ते वकिलाशिवाय करू नये.

तक्रारीला महिना उलटून उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात फी १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. विचारायचं एवढंच: माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर नमुना कधी घेतला, फॉर्म १७ ची प्रत द्या, अहवाल काय आला.

नुकसानभरपाई वेगळी मागावी लागते

एफडीएची कारवाई गुन्हेगाराविरुद्ध असते. तुमचे पैसे त्यातून परत येत नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मुदत आहे दोन वर्षांची. पोट भरण्यासाठी स्वतः गाई-म्हशी सांभाळणारा माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे ‘तुम्ही धंदा करता, ग्राहक नाही’ असं कोणी म्हणालं तर मागे हटू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

नुकसानीचा आकडा कागदावरून काढा. सर्वात भक्कम कागद म्हणजे दूध संकलन केंद्राच्या पावत्या. आजारापूर्वीच्या महिन्याची रोजची सरासरी काढा, नंतरच्या दिवसांचं दूध त्यातून वजा करा आणि फरकाला त्या काळातल्या दराने गुणा. त्यात उपचाराचा खर्च, औषधाची किंमत आणि जनावर गेलं असेल तर शवविच्छेदन अहवालासह बाजारभाव किंवा विम्याचं मूल्य धरा. दहा दिवसांच्या बिलावर केंद्रचालकाची सही घ्या. नुसत्या फोटोवर समोरचा वकील शंका काढतो.

आणि ती दुसरी, न उघडलेली बाटली बिलासकट खोक्यात बांधून, वर तारीख टाकून ठेवा. एफडीए किंवा आयोगाने मागितली तर पोच घेऊनच द्या, आणि देण्यापूर्वी सीलचा फोटो काढा.